मंगळसूत्र काढावं लागतं का? सिक्युरिटीला काय घालून जायचं आणि काय काढायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आईबाबा पहिल्यांदाच विमानात बसतायत, धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला चाललेत, मुंबई ते फ्रँकफर्ट आणि तिथून न्यूअर्क. आईंचं वय ६८, दोन्ही गुडघे बदललेले. बाबांना पेसमेकर. आणि आईंनी जाहीर केलंय की मंगळसूत्र काढायला लावणार असतील तर मी येतच नाही, तुमचे तुम्ही जा.

तर आधी आईंना सांगा, मंगळसूत्र काढावं लागत नाही. मी टूर मॅनेजर आहे, १९ वर्षं ग्रुप घेऊन फिरतोय, माझ्याबरोबर येणारे बहुतेक साठीच्या पुढचे, पुणे सांगली नाशिक डोंबिवली असे, त्यातल्या निम्म्या बायका आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या गळ्यात मंगळसूत्र, आणि आपल्याकडच्या एअरपोर्टवर एकीलाही ते काढायला सांगितलेलं मी पाहिलं नाही. फार तर तपासणारी बाई हाताने जरा बाजूला करून बघते. बाहेरच्या देशात एखादीला विचारतात की हे काय आहे, दाखवलं की झालं.

मंगळसूत्राचं टेन्शन घेतात आणि खरी अडचण करते ती मंगळसूत्राला लावलेली सेफ्टीपिन. एक नाही, पाच पाच असतात. एक मंगळसूत्राला, दोन बांगडीला, एक पदराला खांद्यावर, एक निऱ्यांना, वेळेला उपयोगी पडतात म्हणून आयुष्यभर साठवलेल्या. एकदा माझ्या ग्रुपमधल्या एक काकू तीन वेळा वाजल्या, तिन्ही वेळा वेगळी पिन निघाली, चौथ्यांदा त्या स्वतःच हसायला लागल्या आणि ती तपासणारी मुलगीही. मागे लाईन मात्र हसत नव्हती.

आता मूळ मुद्दा. काय काढायचं हे लाईनीत उभं राहून ठरवायचं नसतं, ते घरून निघतानाच ठरलेलं पाहिजे. लाईनीत माणूस घाबरलेला असतो, मागचा ढकलतोय, पुढचा ट्रे सरकतोय, आणि अशा वेळी काढलेली वस्तू म्हणजे हरवलेली वस्तू. घड्याळ, चष्मा, अंगठी, कवळीची डबीसुद्धा, ट्रेमध्ये सुटी ठेवलेली कुठलीही गोष्ट मागे राहू शकते. म्हणून मी ग्रुपला सांगतो की जे काढावं लागेल ते घालूच नका, आणि जे घालायचंच आहे ते काढूच नका, वाजलं तर वाजलं. मशीन वाजणं हा काही गुन्हा नाही. आपल्या देशात तर तुम्ही वाजा नाहीतर नका वाजू, प्रत्येकाची हातातल्या मशीनने तपासणी होतेच होते. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ विमान पळवलं गेलं, त्यानंतर फेब्रुवारी २००० पासून जयपूरपासून सुरुवात करून एअरपोर्टची सुरक्षा एकेक करत सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या सुरक्षा दलाकडे गेली. त्यामुळे मशीनच्या दारातून आवाज न करता गेलात म्हणून सुटका नाही आणि आवाज झाला म्हणून काही वेगळं घडत नाही. आईंना हे एकदा नीट समजावून सांगा, अर्धी भीती तिथेच जाते.

आता मशीन कुठली कुठली असतात ते सांगतो कारण ते कळलं की कपड्यांचं आपोआप कळतं. तीन आहेत. पहिलं म्हणजे दाराच्या चौकटीसारखं, त्यातून चालत जायचं. ते फक्त धातू ओळखतं, कापड कागद प्लास्टिक त्याला दिसत नाही. लोकांना वाटतं की सोन्याला लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे सोनं वाजणार नाही, तसं नसतं. ते मशीन चुंबक चिकटतो का हे बघत नाही, धातूमध्ये क्षणभर वीज फिरवून बघतं, आणि सोनं चांदी तांबं यातून वीज मस्त फिरते. पण आकार महत्त्वाचा. बारीक चेन, कानातल्या कुड्या, चमकी, मंगळसूत्राच्या वाट्या एवढ्याशा गोष्टीला सहसा काही होत नाही. बंद गोल कडं असलं की मात्र लगेच, म्हणजे जाड पाटल्या, तोडे, स्टीलचं कडं, बेल्टचं बक्कल, किल्ल्यांची रिंग. काचेच्या बांगड्या डझनभर घाला, काही नाही. आणि हो, यातली काही मशीन अधूनमधून उगाचच कुणालाही निवडून वाजतील अशी सेट केलेली असतात, तेव्हा अंगावर सुईएवढा धातू नसतानाही वाजलं तर आपलं काही चुकलं असं समजू नका.

दुसरं मशीन म्हणजे काचेच्या केबिनसारखं, आत जाऊन हात वर करून उभं राहायचं, बॉडी स्कॅनर. फ्रँकफर्टला आईबाबांना हे भेटेल. याला धातूशी देणंघेणं नाही, कातडी आणि कपडा यांच्यामध्ये काहीही जाडसर असलं की ते दिसतं. खिशातला रुमाल, टिश्यू, घडी घातलेली शंभरची नोट, काहीही. एक्सरे नसतो तो, मिलिमीटर लहरी असतात, मोबाईलच्या जातीतल्या, तेव्हा रेडिएशनची काळजी करू नका. स्क्रीनवर माणसाचं चित्र म्हणजे नुसता बाहुला दिसतो आणि ज्या जागी शंका त्या जागी पिवळा चौकोन. आमच्या काकांना वाटायचं आत सगळं दिसतं, तसं काही नसतं हो.

तिसरं म्हणजे सामानाचं एक्सरे, पट्ट्यावरून ट्रे जातो ते. त्याला वस्तूंची खिचडी आवडत नाही, एकावर एक वायरी, चार्जर, डबे, औषधं असं कोंबलेलं असलं की बॅग बाजूला काढणार आणि उघडायला लावणार.

आता आईंच्या कपड्यांकडे येतो. माझं प्रामाणिक मत, कुर्ता आणि सरळ पँट किंवा सलवार, अंगाला फार घट्ट नको फार घोळदार नको, एवढं घालून निघावं. घरच्या दारापासून बहिणीच्या दारापर्यंत पोचायला चांगला एक दिवस जातो, त्यात टॉयलेट, गुडघे, थंडी सगळं आलं. पण साडीच नेसणार म्हणाल्या तर भांडू नका, नेसू दे. फक्त साधी सुती किंवा सिंथेटिक गोल साडी, भरजरी नको. जर आणि टिकल्या, भरतकाम याने बॉडी स्कॅनरवर ठिकठिकाणी पिवळे चौकोन उमटतात. नऊवारी तर नकोच, काष्ट्याच्या घड्या पाठीमागे एवढ्या जाड होतात की स्कॅनरला तिथे काहीतरी ठेवलंय असंच वाटतं आणि मग हाताने तपासणी. सांगलीकडच्या एक आजी होत्या, ८१ वर्षांच्या, त्यांनी जन्मात नऊवारीशिवाय काही नेसलं नव्हतं, त्यांना नऊवारीतच नेलं, प्रत्येक एअरपोर्टवर बाजूला घेऊन तपासलं, आजी प्रत्येक वेळी त्या बाईच्या डोक्यावरून हात फिरवून पुढे गेल्या. म्हणजे जमतं, फक्त वेळ जातो, तेवढं धरून निघायचं.

परकराला खिसा शिवलेला असेल आणि त्यात पैसे असतील तर ते आधीच काढून पर्समध्ये ठेवा. कनवटीला खोचलेला रुमाल, ब्लाउजमध्ये ठेवलेली छोटी पाकिटं, हेही. हे विचारायला अवघड वाटतं पण मुलीने आईला विचारायला काय हरकत आहे, मी तर बसमध्ये माईकवरून विचारतो, सुरुवातीला लाजायचो आता नाही. तिथे परक्या बाईसमोर खिशातून सात हजार रुपये आणि अंगाऱ्याची पुडी काढण्यापेक्षा ते बरं.

पाटल्या घट्ट बसलेल्या असतील, निघत नसतील तर साबण लावून ओढाताण करू नका, राहू द्या, हात दाखवायचा. पण निघत असतील तर घरी कपाटात ठेवून जा. प्रवासात भारी सोनं अंगावर नकोच, एक मंगळसूत्र, कुड्या, रोजच्या दोन बांगड्या पुरे. लग्नाबिग्नासाठी जास्त सोनं नेणारच असाल तर मुंबईत इमिग्रेशनच्या आधी कस्टम्सकडून त्या दागिन्यांचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर परत येताना हे तिकडून आणलं का इकडूनच नेलं होतं हे सिद्ध करत बसावं लागतं. जोडवी आणि पैंजण क्वचित वाजतात, पैंजणाला घुंगरं असतील तर काढून ठेवा कारण दाराखालच्या भागात दिवा लागला की चप्पल काढा, मोजे काढा सुरू होतं. केसांतले आकडे, यू पिना कमी करा. अंबाडा मोठा असला तर परदेशात तो हाताने चाचपतात, अपमान म्हणून नाही, स्कॅनरला तिथलं नीट दिसत नाही म्हणून. गजरा चालतो. हे मला खरंच विचारलंय एकांनी.

गुडघे. दोन्ही बदललेत म्हणजे चौकटीत वाजणार हे धरूनच चला, आत कोबाल्ट-क्रोमियम किंवा टायटॅनियम असतं आणि चांगला हातभर ऐवज असतो तो. डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा पण त्या पत्राने तपासणी माफ होत नाही, फक्त समजावायला सोपं जातं. एक्सरेची मोठी फिल्म कृपा करून नेऊ नका, एक काका ती गुंडाळी करून पोस्टरसारखी काखेत घेऊन युरोप फिरले, कोणी एकानेही बघितली नाही. आईंनी दारातून जायच्या आधीच गुडघ्याला हात लावून सांगायचं, नी रिप्लेसमेंट, बोथ. एवढे तीन शब्द पाठ करून घ्या, जगात सगळीकडे कळतात. सलवार किंवा मोकळी पँट असली की ती गुडघ्यापर्यंत वर करून टाक्यांची खूण दाखवता येते, घट्ट लेगिंग असली की पंचाईत.

चपलांचं सांगतो. पायात घालायला काढायला सोपं, वाकावं न लागणारं काहीतरी, आणि आत मोजे, कारण चप्पल काढायला लावली तर त्या फरशीवरून अनवाणी चालायचं असतं. लेस नको, बेल्ट आणि बक्कलवाले सँडल नकोत, जाड टाच नको. काही बुटांच्या तळव्यात लोखंडी पट्टी असते, आपल्याला माहीतही नसतं. खरी कोल्हापुरी असली तर गंमत म्हणजे ती चांगली, चामड्याच्या वादीने शिवलेली, खिळा नसतो, पण बाजारात खिळे मारलेल्याही खूप मिळतात आणि एवढ्या प्रवासात पाय सुजले की कोल्हापुरी चावते. नकोच.

बूट का काढायला लावतात हे बाबा विचारतीलच, आमचे सगळे बाबा विचारतात. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात रिचर्ड रीड नावाच्या माणसाने बुटात स्फोटक लपवून आणलं होतं, पेटवता पेटवता पकडला गेला. २००६ पासून अमेरिकेत सगळ्यांनाच बूट काढून ट्रेमध्ये ठेवायचा नियम झाला, तो चांगला १९ वर्षं चालला आणि जुलै २०२५ मध्ये त्यांनी तो बंद केला. त्यामुळे परतीला न्यूअर्कवर सरसकट बूट काढायचे नाहीत, वाजलं किंवा शंका आली तर काढायला सांगतील. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला बाटलीतल्या द्रव स्फोटकांचा कट पकडला, तिथून १०० मिलीचं लचांड सुरू झालं. आणि २००९ च्या नाताळात ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकाने चड्डीत स्फोटक शिवून आणलं होतं, त्यानंतर ते हात वर करायचे स्कॅनर झपाट्याने वाढले. म्हणजे एकेका माणसाच्या उपद्व्यापाची किंमत तुमची आई न्यूअर्कला हात वर करून चुकवणार आहे, काय करणार.

आता बाबा. पेसमेकर असेल तर कार्ड हातात, बॅगेत नाही. दारातून जायच्या आधी जवानाला छातीवर हात ठेवून सांगायचं, पेसमेकर. चौकटीतून नेहमीच्या चालीने निघून जाण्यात सहसा धोका नसतो, फक्त तिथे टेकून किंवा घोटाळत उभं राहायचं नाही, आणि हातातलं मशीन पेसमेकरवर धरून ठेवू द्यायचं नाही, हाताने तपासा म्हणायचं. आपले जवान हे रोज बघतात, लगेच समजतात. जायच्या आधी एकदा त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः डिव्हाइस नवीन बसवलं असेल तर.

बेल्ट घालूच नका. बाबा लोकांचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम मंगळसूत्र नाही पेसमेकर नाही, बेल्ट काढल्यावर पँट. वय झाल्यावर पोट पुढे आणि कंबर मागे गेलेली असते, बेल्टशिवाय पँट राहतच नाही, आणि त्यात दोन्ही हात बाजूला पसरून उभं राहायचं असतं. इलॅस्टिकची, नाडीची पँट शिवून घ्या किंवा विकत घ्या. शर्टाला फार खिसे नकोत. सफारी शर्ट नको, चार खिसे म्हणजे चार ठिकाणी काहीतरी राहणार. पेन, चष्म्याचं घर, गोळ्यांच्या पट्ट्या, किल्ल्या, सुटे पैसे हे सगळं घरीच एका कापडी पिशवीत टाकून ती पिशवी बॅगेत, म्हणजे ट्रेमध्ये वेगळं काही पडत नाही. गोळ्यांच्या पट्टीला अ‍ॅल्युमिनियम असतं, हातातलं मशीन त्यावर कुंई करतं. जानव्याला किल्ली बांधलेली असेल तर सोडवा. करगोट्याला चांदीचा मणी असेल तर राहू द्या, विचारलं तर दाखवायचा. दंडाला ताईत असेल तर तोच नियम. फ्रँकफर्टला मात्र बॉडी स्कॅनर हे सगळं दाखवणार, तेव्हा बाबांनी न चिडता बाही वर करायची. चिडतात हो, आमचे एक सर देवाचा आहे देवाचा आहे असं मराठीत मोठ्याने सांगत होते त्या जर्मन मुलाला, तो बिचारा आवाज वाढलेला बघून अजून दोघांना बोलावून आला.

बाबा पान खात असतील तर पानाच्या डब्यातला अडकित्ता चेकइन बॅगेत. हातातल्या बॅगेत सापडला की तो गेलाच, मी पितळेचे, आजोबांच्या वेळचे अडकित्ते असे टोपलीत पडताना पाहिलेत आणि माणसं रडवेली झालेली पाहिलीत. चुन्याची धातूची डबी खिशात नको. लायटर काडेपेटी आपल्याकडून कशातच न्यायची नाही.

आता मुंबईला प्रत्यक्ष काय होतं. आत शिरतानाच पासपोर्ट तिकीट दाखवायचं, बॅगा दिल्या, इमिग्रेशन झालं की सिक्युरिटी. इथे बायकांची तपासणी वेगळी, बाई करते, पडद्याआड. म्हणजे आईबाबा इथे वेगळे होतात आणि इथेच घोळ होतो. आपल्याकडे पद्धत अशी की दोघांची कागदपत्रं बाबांच्या शबनममध्ये, ती शबनम ट्रेमध्ये, ट्रे पट्ट्यावर, बाबा पुरुषांच्या लाईनीत, आणि पडद्यापाशी आईंना बोर्डिंग पास मागतात. प्रत्येकाचा पासपोर्ट आणि बोर्डिंग पास प्रत्येकाच्या हातात. हे मी ग्रुपला इतक्या वेळा सांगतो की लोक माझी नक्कल करतात.

दुसरं, ट्रे कधी सोडायचा. पट्टा फास्ट असतो आणि बायकांच्या पडद्यापाशी कधीकधी लाईन असते, तोवर तुमची पर्स पलीकडे जाऊन एकटी पडलेली असते. म्हणून आधी मोठी बॅग पट्ट्यावर, पर्स सगळ्यात शेवटी, आपला नंबर जवळ आला की. पैसे आणि दागिने वरच्या कप्प्यात नकोत, चेन लावलेल्या आतल्या कप्प्यात. जॅकेट, जाड स्वेटर काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो, शाल पण घडी करून तिथेच. मोबाईल, लॅपटॉप, टॅब, चार्जर, पॉवरबँक बाहेर काढून ट्रेमध्ये, जिथे नवीन सीटी मशीन असतात तिथे बॅगेतच ठेवा म्हणतात, तेव्हा समोरचा काय सांगतोय ते ऐकायचं. पॉवरबँक चेकइन बॅगेत कधीही नाही, ती हातातल्याच बॅगेत. १०० वॅट-अवरपर्यंत चालते, साधारण २०,००० एमएएचवाली ७४ च्या आसपास भरते, तेव्हा ती बिनघोर.

पडद्याच्या आत एक लाकडी पाटासारखं असतं, त्यावर उभं राहायचं, हात बाजूला पसरायचे, मग वळायचं. आईंना सांगा, समोर पडदा आणि पायाखाली पाट, लग्नात उभ्या होत्या तशाच उभ्या राहा, फक्त हात बाजूला. हसतील आणि लक्षात राहील. तपासणारी पोरगी आंटीजी पीछे घूमिए म्हणेल, गुडघ्यामुळे पाटावर चढता येत नसेल तर तसं सांगायचं, खाली उभं करून तपासतात. व्हीलचेअर घेताय का ते तुम्ही लिहिलं नाहीये. घ्या. दोन्ही गुडघे बदललेले आणि फ्रँकफर्टला एका गेटपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, यात लाज कसली. तिकीट काढतानाच किंवा एअरलाईनला फोन करून आधी नोंदवायची. व्हीलचेअरवर बसलेल्याचीही तपासणी होते, हाताने, आणि बरेचदा हातावरून, खुर्चीवरून एक कापडाची पट्टी फिरवून ती मशीनमध्ये घालतात. ते स्फोटकाचे कण शोधतं. काही हृदयाच्या गोळ्या नायट्रेटच्या असतात, किंवा खताचे कण बुटाला असतात, त्यानेही कधीकधी ते वाजतं. इस्रायलला शेतकऱ्यांचा ग्रुप घेऊन गेलो होतो, ठिबक बघायला, त्यातले एक द्राक्षवाले थेट बागेतल्या बुटांनी आले होते. पाऊण तास गेला. त्यानंतर शेतकरी ग्रुपला मी नवीन नाहीतर धुतलेले बूट सांगतो.

आता फ्रँकफर्ट. लोकांना वाटतं मुंबईला एकदा तपासलं की झालं, विमान बदलायला परत कशाला. भारतातून आलेल्या प्रवाशाला तिथे परत पूर्ण तपासणीतून जावं लागतं. म्हणजे विमानात मिळालेली पाण्याची बाटली उतरताना रिकामी करा. सगळे द्रव पदार्थ १०० मिलीच्या आतल्या बाटल्यांत आणि त्या सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक झिपच्या पिशवीत. बाटली किती भरलीय हे नाही, बाटलीवर किती लिहिलंय हे बघतात, २०० मिलीच्या बाटलीत तळाला उरलेलं तेल चालणार नाही. युकेत काही एअरपोर्टवर नवीन मशीन आल्यापासून दोन लिटरपर्यंत नेऊ देतात असं ऐकून कुणीतरी तुम्हाला सल्ला देईल, तो या रूटवर धरू नका. आणि द्रव म्हणजे फक्त पाणी नाही. लोणचं, तूप, श्रीखंड, ओली चटणी, मोरांबा, व्हिक्स, बाम, टूथपेस्ट सगळं द्रवात. औषधाचं सिरप, इन्सुलिन याला सूट आहे, प्रिस्क्रिप्शन बरोबर ठेवा, आणि इन्सुलिन चेकइन बॅगेत टाकायचं नाही, खाली गारठतं. अमेरिकेला जाताना अजून एक, ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर हातातल्या बॅगेत असेल तर ती वेगळी तपासतात आणि नाही पटलं तर ठेवून घेतात. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी हे सगळं चेकइनमध्ये. सुकं खोबरं तर नेऊच नका, तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला चक्क नंबर आहे. डब्यात किसून भाजलेलं आहे हो असं सांगून भांडू नका, मी एकदा भांडलोय, काकूंच्या वतीने, आणि हरलोय.

तिथल्या स्कॅनरमध्ये खिसे पूर्ण रिकामे, रुमालसुद्धा नाही. हातात पासपोर्ट पण नको, तो ट्रेमधल्या पर्समध्ये, इथे मुंबईच्या उलट. पिवळा चौकोन उमटला की बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष तपासतो. आईंना सगळ्यांसमोर नको असेल तर प्रायव्हेट रूम मागायची, एवढे दोन शब्द बोलले तरी पुरतं, वेगळ्या खोलीत नेतात. डायपर घातलेला असेल, पोटाला पिशवी असेल तर हे आवर्जून मागावं, ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय. साखरेसाठी दंडाला सेन्सर किंवा इन्सुलिन पंप असेल तर कंपनीने काय लिहिलंय ते आधी वाचा, काहींना स्कॅनर आणि एक्सरे दोन्ही नको असतात, तेव्हाही हाताने तपासणी मागायची. ऐकायचं मशीन कानातच राहू द्यायचं.

आणि घाई नाही करायची. ट्रे घेतला की तिथेच चप्पल घालत उभं राहायचं नाही, पुढे बाक असतो तिथे ट्रेसकट जायचं, बसून मोजायचं. मी आकडा ठरवून देतो. आईंचे पाच, म्हणजे पासपोर्ट, बोर्डिंग पास, पर्स, मोबाईल, चष्मा. बाबांचे सहा, त्यांचं पेसमेकरचं कार्ड जास्त. बोटांवर मोजून झाल्याशिवाय बाकावरून उठायचं नाही.

पिनांचं परत सांगतो कारण त्याच राहणार आहेत. मोकळ्या पिना एका डबीत घालून चेकइन बॅगेत टाका, पदराला एक ठेवा फक्त. ती एक मात्र नक्की ठेवा, न्यूअर्कला उतरेपर्यंत बॅगेची चेन तुटलेली असते.